घोडचुकीतला घोडा आणि हरवलेला आस

'घोडचूक' हा शब्द 'घोर चूक' या शब्दांचा अपभ्रंश आहे काय, आणि नसेल तर त्या चुकीशी घोड्याचा संबंध काय, असे एका वाचकाने विचारले आहे. मराठीत घोडा या शब्दाचे आणखी कोणते अर्थ आहेत, हेही त्यांना हवे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ही 'घोर चूक' मी गेली कित्येक वर्षे व्याख्यानांतून, बातम्यांतून आणि शिक्षकांच्या तोंडूनही ऐकत आलो आहे, आणि दर वेळी ती इतक्या आत्मविश्वासाने सांगितली जाते की ऐकणाऱ्याला शंका घेण्याचे धैर्य होत नाही. 'घोर' हा शब्द मराठीत जसाच्या तसा वावरतो: घोर अन्याय, घोर निराशा, जिवाला घोर. त्यातल्या 'र'चा 'ड' होण्याचे काही कारण नाही आणि मराठीत तशी रीतही नाही. मराठीत 'ड' येतो तो बहुधा संस्कृतातल्या 'ट'पासून: वट–वड, कीट–कीड, घट–घडा, कटु–कडू, आणि त्याच वाटेने घोटक–घोडा. समासात पहिल्या पदाचा शेवट झडतो, म्हणून पाणी या शब्दाचे 'पाणकोंबडी'त 'पाण' उरते आणि घोडा या शब्दाचे 'घोडदळ', 'घोडदौड', 'घोडचूक' यांत 'घोड' उरते. एवढ्याने समाधान होत नसेल, तर 'घोर'वाद्यांनी 'घोडनवरा', म्हणजे लग्नाच्या मानाने वय वाढलेला थोराड नवरा, हा शब्द त्याच नियमाने सोडवून दाखवावा.

घोडनवऱ्यातच खरे उत्तर आहे. आपल्या भाषेने जनावरांना कामे वाटून दिली आहेत. मूर्खपणा गाढवाकडे आणि बैलाकडे, लबाडी कोल्ह्याकडे, आणि आकाराचा दांडगेपणा घोड्याकडे. 'एवढा घोडा झालास तरी तुला कळत नाही' असे आई मुलाला रागावते, तेव्हा ती त्याच्या बुद्धीची नव्हे, वाढलेल्या अंगाची आठवण करून देत असते. घोडचूक म्हणजे मूर्खपणाची चूक नव्हे, आकाराने मोठी चूक. अत्यंत बुद्धिमान माणूसही घोडचूक करू शकतो, किंबहुना मोठ्या पदावरच्या माणसाच्या हातूनच ती अधिक घडते. एखादी वेलांटी चुकली की तिला घोडचूक म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठे आणि राकट ते घोड्याचे, ही कल्पना केवळ आपली नाही. प्राचीन ग्रीकांनी सेलरीसारख्या एका दांडग्या वनस्पतीला 'घोडसेलरी' अशा अर्थाचे नाव दिले होते, आणि इंग्रजांच्या जाड, झणझणीत 'हॉर्सरॅडिश'मध्येही मुळ्याआधी घोडाच उभा आहे. या भाषांनी हे एकमेकींकडून उचललेले नाही; माणसाच्या रोजच्या सहवासात जे मोठे जनावर होते, तेच त्याचे माप झाले.

घोडनवरी या शब्दाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण आज तो तिशी ओलांडलेल्या अविवाहित स्त्रीला डिवचण्यासाठी वापरला जातो आणि ते अर्थाच्याही दृष्टीने चूक आहे. मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत असत त्या काळातला हा शब्द आहे, आणि तेव्हा तेरा-चौदा वर्षांची मुलगी बोहल्यावर थोराड दिसे, म्हणून ती घोडनवरी. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले, म्हणजे कालची घोडनवरी कायद्याच्या दृष्टीने जेमतेम लग्नाच्या वयाची ठरली. ज्या मापाने हा शब्द बेतला होता ते मापच मोडले आहे, तेव्हा शब्दही जुन्या कागदपत्रांपुरताच राहू द्यावा. घोडनवरा विसरला गेला आणि घोडनवरी तेवढी लक्षात राहिली, हेही मला खटकते.

बाकीचे अर्थ बहुतेकांना ठाऊक आहेत. बुद्धिबळातला अडीच घरे चालणारा घोडा, बंदुकीचा घोडा, रंगाऱ्याचा उभे राहण्याचा घोडा, तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी. वाक्प्रचारांपैकी 'वरातीमागून घोडे', 'घोडे पुढे दामटणे', 'कागदी घोडे नाचवणे' आणि 'घोडे गंगेत न्हाणे' यांना स्पष्टीकरण नको. 'घोडामैदान' हे मात्र मैदानाचे नाव नव्हे. हा घोडा आणि हे मैदान, आता काय ते करून दाखव, असे ते आव्हान आहे. 'घोडेबाजार' हा आमदारांच्या फोडाफोडीचा शब्द इंग्रजीवरून आलेला आहे, आणि दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला जो खरा घोडेबाजार भरतो, त्याला या शब्दाची बदनामी उगाच सोसावी लागते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो तो मुद्दा. वेदांत ज्याचा एवढा गौरव आहे, तो 'अश्व' आपल्या बोलण्यातून गेला कुठे? मराठीत घोडा, कोकणीत घोडो, गुजरातीत घोडो, हिंदीत घोड़ा, बंगालीतही तोच. यांपैकी कोठेच अश्वाचा वारस गादीवर नाही. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात घोड्याच्या नावांची यादी सुरू होते तीच 'घोटक' या शब्दाने, म्हणजे तोवर हा शब्द पुरता स्थिरावला होता. टीकाकारांनी त्याची व्युत्पत्ती 'घुट्' या धातूवरून, 'वळतो तो घोटक' अशी लावली आहे. ही मला अजिबात मान्य नाही. शब्द आधी पदरात घ्यायचा आणि मग त्याला धातुपाठातले, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीतले, आईबाप शोधून द्यायचे, ही संस्कृत टीकाकारांची जुनी खोड आहे. वळत नाही असे जनावर तरी कोणते? कन्नडमधला 'कुदुरे' आणि तमिळमधला 'कुदिरै' यांच्याशी घोटकाचे नाते जोडणारे अभ्यासक मला सत्याच्या अधिक जवळ वाटतात. पण 'शब्द दक्षिणेकडून आला, म्हणून रुळला' एवढ्यावर तेही थांबतात. नवा शब्द आला तरी जुन्याने जागा का सोडली, हे त्यांनी सांगायला हवे होते.

माझे मत असे आहे. हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम, या चालीने अश्व प्राकृतात 'अस्स' झाला आणि मराठीत तो 'आस' व्हायला हवा होता. परंतु आशेपासून आलेली 'आस' मराठीत आहेच, आणि ज्याच्याभोवती चाक फिरते तो 'आस'ही आहे. एकाच उच्चाराच्या घरात तिघांची दाटी झाली असती, आणि त्यातही गाडीचा आस व गाडीला जुंपलेला आस एकाच वाक्यात आले असते, तर गाडीवानाने कोणाला काय सांगावे? अशा वेळी भाषा धडधाकट, निःसंदिग्ध शब्द निवडते. 'घोडा' तसा होता. संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला 'अश्व' पुढे अश्वशक्ती आणि अश्वारूढ पुतळे यांपुरता उरला.

आसाचा मागमूस मराठीत कोठेच नसता, तर या मताला मी स्वतःदेखील कल्पनाविलास म्हटले असते. पण तो आहे. अश्वगंधा ही वनस्पती आयुर्वेदाच्या ग्रंथांत पूर्ण नावाने मिरवते, आणि मराठीत तिचे नाव आहे 'आसंध'. त्यातला 'आस' हा अश्वच आहे, नियमाप्रमाणे झिजत झिजत आलेला.