हिरवळ फुटली तरी काळं अस्वल वाळलेलं का दिसतं?

विचारलंय की अमेरिकेतलं काळं अस्वल थंडीभर झोपून उठतं तेव्हा जंगल हिरवं व्हायला लागलेलं असतं, मग मे-जूनमध्ये ते आणखी वाळलेलं का दिसतं, आणि ते नक्की शाकाहारी की मांसाहारी? दुसऱ्याचं आधी सांगतो, खातं दोन्ही, पण पोटात जातं त्यातलं बरंचसं झाडपाला, फळं, बिया हेच. गोची अशी की आतडं मात्र मांसाहारी प्राण्याचं, गाईसारखे चार कप्पे वगैरे काही नाही, त्यामुळे जून झालेलं, राठ गवत खाल्लं तर बहुतेक तसंच खालून बाहेर. म्हणून वसंतात ते फक्त कोवळं शोधतं, नुकतं फुटलेलं गवत, कोंब, ॲस्पेनच्या झाडाचे तुरे, ज्यात प्रोटीन बऱ्यापैकी असतं आणि तंतू कमी. त्यावर दिवस निघतात पण चरबी काही चढत नाही. त्यात पहिले दोन-तीन आठवडे भूकच धड नसते, शरीर अजून अर्धं झोपेतच. थंडीत मेलेलं हरीण किंवा जूनच्या आसपास हरणाचं पाडस मिळालं तर लॉटरी, पण लॉटरी ती लॉटरीच.

मग येतात मुंग्या, आणि हा माझा आवडता भाग. व्हर्जिनियात शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानामध्ये जूनमध्ये ट्रेलच्या कडेला एक चांगला परातीएवढा दगड उलटा पडलेला दिसला, खालची माती अजून ओली, त्यात बोटभर रुंद बोगदे, मुंग्या सैरावैरा धावतायत आणि कोश एकही शिल्लक नाही. मुंग्या आपले कोश उबेसाठी उन्हाने तापलेल्या दगडाखाली आणून ठेवतात, अस्वल दगड उलटवतं, जिभेने पुसून घेतं आणि पुढच्या दगडाकडे जातं. शंभर मुंग्या चावल्या तरी त्याला काय फरक पडतोय.

जुलै-ऑगस्टमध्ये बेरी. रास्पबेरी, ब्लूबेरी, पश्चिमेकडे हकलबेरी, ओठांनी ओरबाडून जवळजवळ अख्ख्याच गिळतं, गर पचतो, बिया शाबूत बाहेर पडतात. त्या दिवसांतली विष्ठा म्हणजे जांभळट चोथा आणि बियाच बिया, वाससुद्धा घाण नाही, आंबलेल्या फळाचा येतो (हो, मी वाकून वास घेतलाय, हसा).

खरी कमाई मात्र शरद ऋतूत. दिवसाला वीस-वीस तास चरायचं, 15 ते 20 हजार कॅलरी, आणि पूर्वेकडच्या जंगलात त्यातला मोठा वाटा एकॉर्नचा, म्हणजे ओकच्या झाडाच्या टणक फळांचा. पांढऱ्या ओकची फळं कमी तुरट म्हणून आधी ती संपतात, लाल ओकची मागे उरतात आणि कधीकधी पुढच्या वसंतात कामी येतात. पण ओक बेभरवशाचा, एका वर्षी सडा आणि पुढच्या वर्षी काहीच नाही. आधी चेस्टनटचा वृक्ष होता, तो उशिरा फुलायचा म्हणून वसंतातल्या गोठवणाऱ्या दहिवरातून वाचायचा आणि जवळपास दरवर्षी धरायचा, पण 1904 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर बुरशीचा रोग दिसला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. तेव्हापासून इकडची अस्वलं ओकच्या मर्जीवर, आणि एकॉर्न पडले नाहीत त्या वर्षी ती कचऱ्याच्या डब्यांपाशी आणि पक्ष्यांसाठी दाणे टांगलेल्या बर्डफीडरपाशी दिसतात. तेव्हा "अस्वलं माजलीत" म्हणणाऱ्यांनी आधी झाडाखाली बघावं.

मादीचा हिशोब तर अजून कडक. मीलन जूनच्या सुमारास होतं पण गर्भ तसाच तरंगत राहतो, नोव्हेंबरच्या आसपास रुजतो, आणि अंगावर पुरेशी चरबी नसेल तर रुजतच नाही. रुजला तर जानेवारीत गुहेतच पिल्लं होतात, पावशेर वजनाची, आणि ती आई न खाता न पिता त्यांना दाट, चरबीदार दूध पाजत बसते. वजनाचा तिसरा हिस्सा सहज जातो. एवढं करून एप्रिलमध्ये ती पिल्लं घेऊन बाहेर येते, आणि समोर काय, तर गवत.