1970 च्या शेव्हरोले शेव्हेलमधल्या 350 व्ही8 इंजिनला स्पार्क प्लगची गॅप 0.035 इंच ठेवावी की 0.045?

तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या इग्निशनचे आहेत. त्यामुळे प्लगला हात लावण्याआधी डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) बघा.

1970 साली ही गाडी कारखान्यातून पॉइंट-कंडेन्सर (उघड-मिट करणाऱ्या संपर्कांचं जुनं इग्निशन) घेऊन निघाली. डिस्ट्रिब्युटरची कॅप लहान, कॉइल बाजूला वेगळी आणि कॅपला वर सरकणारी छोटी पत्र्याची खिडकी. असं दिसलं तर 0.035 इंच, म्हणजे पस्तीस थाऊ, इंचाचे पस्तीस हजारांश (0.89 मिमी). दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं 250 हॉर्सपॉवरचं इंजिन असो की चार बॅरलचं 300 चं, त्याने फरक पडत नाही. कॅप मोठी आणि कॉइल तिच्याच डोक्यावर असेल, तर कुणीतरी नंतर जीएमचं एचईआय (पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसवलंय. त्याची ठिणगी जोरदार असते, म्हणून गॅप पंचेचाळीस थाऊ.

पण एचईआय दिसलं म्हणून लगेच गॅप वाढवू नका. माझ्या शेव्हेलला आधीच्या मालकाने ते बसवलं होतं, पण सप्लाय जुन्याच, व्होल्टेज कमी करणाऱ्या रेझिस्टन्स वायरवरून घेतला होता. गावात गाडी मस्त चालायची, फ्रीवेवर पाय दाबला की मिसिंग सुरू. मी प्लगचे दोन सेट बदलले, कार्ब्युरेटर उघडला. शेवटी इंजिन चालू ठेवून मीटर लावला तर जेमतेम नऊ व्होल्ट! इग्निशन स्विचवरून पूर्ण बारा व्होल्टची नवी वायर ओढली आणि त्याच प्लगवर गाडी तशीच खेचायला लागली जशी खेचायला हवी.

पॉइंट असतील तर आधी डवेल (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), हा क्रम मोडू नका. डवेल हलला की टायमिंगही हलतं. इंजिन आयडलवर ठेवून खिडकीतून 1/8 इंचाची ॲलन की घाला, उजवीकडे फिरवत जा, इंजिन अडखळायला लागलं की अर्धा फेरा मागे. डवेल 30 अंशांच्या आसपास येतो. त्यानंतर व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि टायमिंग लाइट लावा.

प्लग घेतानाही जपा. 1970 पर्यंतच्या हेडला 13/16 पान्याचे, वॉशरवाले प्लग लागतात. 1971 पासून निमुळत्या बैठकीचे, 5/8 चे आले. तुमच्या गाडीचे हेड मधे कधी बदलले असतील तर पुस्तकावर विसंबू नका, जुना प्लग काढून त्याची बैठक बघा. वापरलेल्या प्लगची गॅप पट्टीने न मोजता गोल तारेच्या गेजने मोजा. झिजलेल्या टोकाच्या खड्ड्यावरून पट्टी आडवी जाते आणि गॅप कमी दाखवते.

शेवटी वायरी. फायरिंग ऑर्डर 1-8-4-3-6-5-7-2. यात 5 आणि 7 नंबरचे सिलिंडर लागोपाठ पेटतात आणि ड्रायव्हरच्या बाजूला शेजारी-शेजारीच आहेत. त्या दोन वायरी एकमेकींना चिकटून नेऊ नका, मधे क्लिप लावा.