पथ्य पाळा, पण ताट कचऱ्यात नको

मँचेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर बडोद्याचं, रावपुऱ्यातलं. लग्नानंतर बारा वर्षं तिकडेच. भिंतीला भिंत लागून एक पाकिस्तानी कुटुंब राहतं, फार मायेची माणसं. रमजानात एका संध्याकाळी त्यांच्याकडून ताट आलं: भजी, कापलेली फळं, खजूर, शेवयांची खीर. "सगळं व्हेज आहे हं," असं शेजारणीने दारातच सांगितलं. सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दार लागताच त्यांनी ताट उचललं आणि खजुरासकट सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. नऊ वर्षांचा मुलगा बघत होता. त्याने विचारलं, "आजी, ते खराब होतं का?"

ताई लिहितात, 'मला उत्तर सुचलं नाही. आई चुकल्या असं म्हणवत नाही आणि बरोबर होत्या असंही म्हणवत नाही. दिवाळीनंतर त्या पुन्हा येणार आहेत. डिसेंबरात मुलाचा वाढदिवस आहे. शेजारची दोन मुलं, वर्गातली एक जैन मुलगी आणि एक ज्यू मुलगा येणार. या सगळ्यांना वाढायचं तरी काय?'

ताई, आधी मुलाच्या प्रश्नाचं बघू. वाढदिवसाचं काहीतरी जमेल, पण त्याचा प्रश्न अजून तसाच पडून आहे. उत्तर द्यायला उशीर झालेला नाही. त्याला जवळ बसवा आणि सांगा की ते अन्न खराब नव्हतं. ज्या भांड्यात मांस शिजतं त्या भांड्यातलं आजी खात नाही, तो तिचा नेम आहे. पण कुणी प्रेमाने पाठवलेलं टाकून द्यायला नको होतं, तिथे आपलं चुकलं. 'आपलं' म्हणा, 'आजीचं' म्हणू नका. तुम्हीही तिथेच उभ्या होतात.

मी बडोद्याच्या वाडी भागातली. आमची वाडी म्हणजे एका हाकेच्या अंतरावर मराठी वाडे, जैन घरं आणि बदरी मोहल्ल्यातले अलवी बोहरा मुसलमान. त्यांच्या धर्मगुरूंची गादीच बडोद्यात आहे. आमच्या समोर एक बोहरी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना आम्ही मुलं माशी म्हणायचो, म्हणजे गुजरातीत मावशी. ईदेला माशींकडून आमच्याकडे शिजवलेलं कधीच आलं नाही. यायचा तो कोरडा शिधा. पितळी तबकात न भाजलेल्या शेवया, साखर, खारका, चारोळी, बदाम, वर जाळीचा रुमाल. आणि त्या दिवशी गवळी आमच्या पातेल्यात लिटरभर दूध जास्त घालून जायचा, पैसे माशींच्या खात्यावर. आई त्याची खीर करायची, देवाला दाखवायची आणि पहिली वाटी माशींकडे जायची. परान्न न घेणाऱ्याला शिधा द्यायची ही आपली जुनी रीत माशींना कुणी शिकवली नव्हती. समोरच्या घराचा नेम बघून त्यांनीच ती उचलली होती.

पण त्याच आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या देवळीत, निळ्या काठाची एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची. माशी आल्या की चहा त्या कपात, हा आजीचा दंडक. माशींना ते ठाऊक होतं. चहा झाला की त्या स्वतःच उठायच्या, अंगणातल्या नळावर कप विसळायच्या आणि देवळीत पालथा घालायच्या. मी आठेक वर्षांची असेन. देवळीपाशी उभी असलेली त्यांची पाठ मला अजून दिसते. एका पावसाळी दुपारी आईने आपल्या कपात माशींना चहा दिला आणि निळ्या काठाच्या कपातला चहा आपण प्यायली. आजी झोपाळ्यावर बसून बघत होती. झोपाळा थांबला, पण ती काही बोलली नाही. पुढे आजी शेवटपर्यंत माशींच्या हातचं जेवली नाही, आईनेही तिला कधी भरीस घातलं नाही. कप मात्र परत देवळीत गेला नाही.

मला तुम्हाला जे सांगायचंय ते या दोन गोष्टींतच आहे. शिध्यात पथ्य होतं, कपात विटाळ होता. मी काय खाणार आणि काय नाही, हे पथ्य. ते माझ्या तोंडापाशी संपतं. विटाळ समोरच्या माणसाला चिकटवावा लागतो. आपल्या घरांत दोन्ही इतकी वर्षं एकाच चुलीपाशी नांदली की आपल्याला ती एकच वाटतात. बडोद्याच्या माणसाने तरी हे विसरू नये. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तर या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी सरायत उतरले. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मग कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी वेळ काढला. कुणाच्या पोटात काय जाणार, हा तिथे प्रश्नच नव्हता.

म्हणून सासूबाई आल्या की त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांचं पथ्य तुमच्या वादाने सुटणार नाही आणि सुटायची गरजही नाही. त्यांना नीट विचारा, 'आई, तुम्हाला काय चालतं?' अख्खं फळ चालतं का? बी असलेला खजूर? बंद पाकिटातले बदाम? बऱ्याचदा असं दिसतं की नकार सगळ्याला नसतोच, विचारलेलंच नसतं. मग शेजारणीकडे जा. 'आमच्या आई मांसाहारी स्वयंपाकाच्या भांड्यातलं, तेलातलं खात नाहीत. फळं आणि खजूर मात्र आम्ही सगळे आवडीने खाऊ,' एवढं सरळ बोला. तिला राग येईल ही भीती काढून टाका. ती स्वतः दुकानात प्रत्येक पाकीट उलटं करून मागची यादी वाचत असते. जिलेटिन कशाचं, मांस हलाल आहे का, अर्कात अल्कोहोल आहे का, हे तिचं रोजचं आहे. पथ्य असलेल्या माणसाला दुसऱ्याचं पथ्य लवकर कळतं. तिचं 'व्हेज' आणि सासूबाईंचं 'शाकाहारी' यांत अंतर आहे, एवढंच तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या लेखी मांस नसलं की व्हेज. त्याच कढईत आदल्या दिवशी काय तळलं होतं, हा प्रश्न तिच्या मनात येणार कुठून?

नाही म्हणायला 'आम्ही हे खात नाही' एवढं वाक्य पुरतं. त्याला 'आम्हाला वास सहन होत नाही', 'तुम्ही ते खाता तरी कसं' असली शेपटं जोडू नका, घरात दार लावूनही बोलू नका. मुलं ती शेपटं तेवढी उचलतात आणि शाळेच्या डब्याशेजारी बसून म्हणून दाखवतात.

याच्या उलटीही एक सवय आहे, ती मला जास्त खुपते. 'थोडासा लसूण पडलाय, त्यांना काय कळणार!' हे मी आपल्या चांगल्या चांगल्या घरांत ऐकलंय. कळणार नाही म्हणून खाऊ घालणं म्हणजे फसवणूक. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा स्वाद घातलेला असतो हे बाहेर आल्यावर शाकाहारी माणसांनी दावे लावले आणि २००२ साली कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ज्यांनी नकळत खाल्लं त्यांना काही आजार झाला नव्हता. आपल्याला सांगितलं नाही, याचं दुःख होतं. तेच दुःख आपण पाहुण्याला आपल्या टेबलावर देऊ नये. त्याचं पथ्य आपल्याला पटलंच पाहिजे असं नाही, पण जेवायला बोलावलं की पातेल्यात काय आहे ते खरं सांगणं आपल्याकडे येतं.

आता तुमच्या घरातल्या पथ्यासाठी थोडं. तिकडच्या मालावर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, तेव्हा नावावर जाऊ नका. जेली, मार्शमेलो, चघळायच्या गोळ्या यांत बहुधा जिलेटिन असतं आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं. खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, घालूनच करतात. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. नाताळातल्या मिन्स पाय आणि पुडिंगमध्ये सुएट म्हणजे गाईची चरबी असू शकते, शाकाहारी सुएटही मिळतं. लाल रंगासाठी ई १२० लिहिलं असेल तर तो रंग किड्यांपासून केलेला. 'शाकाहाऱ्यांसाठी योग्य' असं पाकिटावर छापलेलं असेल ते घ्या. आणि मुलाने कुणाच्या घरी चुकून जेली खाल्लीच तर त्याला प्रायश्चित्तासारखं काही करायला लावू नका. पुढच्या वेळी विचार म्हणावं, एवढंच.

वाढदिवसाला आधी वेळ ठरवा, पदार्थ मागाहून. जैन मुलीकडे चौविहार पाळत असतील तर सूर्यास्तानंतर जेवण नाही, आणि डिसेंबरात मँचेस्टरला सूर्य चारच्या आतच मावळतो. जूनमध्ये तोच साडेनऊनंतर मावळतो, तेव्हा कुणाला अडचण आली नसती. ज्यू मुलाच्या घरी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पाळत असतील तर शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंतचा वेळ गेला. तेव्हा रविवार, दुपारी एक. चारही घरांना हे जमेल, आणि आमंत्रण देतानाच प्रत्येक आईला फोन करून 'तुमच्याकडे काय चालत नाही?' असं विचारा. अंदाज बांधू नका. एकाच धर्माच्या दोन घरांत दोन तऱ्हा असतात, आपल्याकडे नाहीत का? कुणाच्या उपवासाला जिरं चालतं, कुणाच्या नाही.

जैन मुलीसाठी कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, ओलं आलं नाही. सुंठ आणि हळदपूड चालते. अंडं नाही, मध नाही. साबुदाणा कंदापासूनच होतो, म्हणून तोही बरेच जण घेत नाहीत. म्हणजे आपल्या एकादशीच्या ताटातली खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस त्यांच्या रोजच्या जेवणातही बसत नाही. मला हे लहानपणी फार नवलाचं वाटायचं. तुम्ही बटाटेवड्याऐवजी कच्च्या केळ्याची पॅटिस करा, मटारचं सारण भरा. बडोद्यात सेव-उसळवाला 'जैन के रेग्युलर?' विचारल्याशिवाय डिश भरत नाही, तेवढी सवय आपल्या हाडात आहेच. तळायचं तेल कोरं घ्या. तेच पदार्थ शेजारच्या मुलांना चालतील. केक बिनअंड्याचा, बिनजिलेटिनचा, आणि व्हॅनिलाचा अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, म्हणून त्याऐवजी वेलची घाला.

ज्यू मुलाचं जरा वेगळं आहे. काही घरी डुकराचं मांस आणि शिंपले-कोळंबी टाळली की झालं; मग तुमच्या शाकाहारी टेबलावरचं सगळंच त्याला चालेल. पण कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम, काटेकोर पाळणारे दुसऱ्याच्या भांड्यातलंच खात नाहीत, पदार्थ कितीही शुद्ध असो. सासूबाईंना हे आवर्जून सांगा; त्यांना ते तुमच्यापेक्षा लवकर समजेल. त्याच्यासाठी माशींची रीत वापरा. मँचेस्टरला प्रेस्टविचमध्ये कोशर दुकानं आहेत. तिथून शिक्का असलेलं बंद पाकीट आणा, त्याच्यासमोर फोडा, कागदी ताटलीत द्या, जोडीला न कापलेलं फळ. आणि एक जपा: कोशर मालावर 'पार्व' लिहिलं असलं तर त्यात मांस आणि दूध नसतं, पण अंडं किंवा मासा असू शकतो. ते पाकीट जैन मुलीच्या हाती तसंच देऊ नका.

शेवटी ताटाबद्दल. ते धुऊन परत केलंत का, हे तुमच्या पत्रात नाही. मला वाटतं केलं नाहीत. संकोचाने राहिलं असेल. कचऱ्याची गोष्ट शेजारणीला सांगू नका. ती सांगून तुमचं मन हलकं होईल आणि तिचं जड. ताट मात्र या आठवड्यातच द्या, आणि रिकामं देऊ नका. ओल्या खोबऱ्याच्या वड्या करा: खोबरं, साखर, दूध, वेलची. चार वस्तू, त्या दारात तोंडाने सांगता येतात. मुलाला बरोबर न्या. ताट त्याच्या हातात द्या, वड्यांत काय काय आहे ते त्यालाच सांगू दे.