रात्री दोनला कोण कुणाला उचलणार?

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी जागाच होतो. "सर, सही करू की नको?" एवढंच, त्या दिव्यांगांच्या घराच्या अग्निसुरक्षा अहवालाबद्दल, विचारलंस आणि गप्प झालीस. मीही काहीतरी गुळमुळीत बोललो. सकाळी त्याची लाज वाटली, म्हणून लिहायला बसलो.

तू सांगितलंस ते घर मी पाहिलेलं नाही, पण तशी पुष्कळ पाहिली आहेत. दुमजली इमारत, सदतीस प्रवेशित, बहुतेक बौद्धिक दिव्यांग, सहा जण व्हीलचेअरवर, दोघं मूकबधिर. आग विझवायचे सिलिंडर भरलेले, काटा हिरव्यात. जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, फाइलला व्यवस्थित लावलेला. आणि मागच्या दाराला कुलूप. चावी पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी "आत्ता येईलच." संचालिका बाईंनी तुला चहा दिला आणि म्हणाल्या, "दार उघडं ठेवलं तर पोरं हायवेवर जातेत हो मॅडम. मागल्या साली एकाला मार्केट यार्डापाशी शोधून आणलं." त्यांचं खोटं नाही. त्या बाईंनी आयुष्य घातलंय या मुलांसाठी. तू अडकली आहेस ती इथे. बाई लबाड असत्या तर तू मला फोनच केला नसतास.

तू किती वाजता गेली होतीस? सकाळी अकराला. त्या वेळी घरात कोण कोण होतं? दोन शिक्षिका, स्वयंपाकी, मदतनीस, फिजिओथेरपीवाला मुलगा, संचालिका, कारकून. म्हणजे सदतीस जणांमागे सात-आठ धडधाकट माणसं. रात्री किती असतात, हे तू विचारलंस का? माझा अंदाज सांगतो: दोन मावशी. त्यातली एक पन्नाशीच्या पुढची, गुडघे दुखणारी. तर मला एवढंच सांग, रात्री दोनला कोण कुणाला उचलणार? नागपूरला अग्निशमनाच्या सब-ऑफिसर कोर्सला तुझ्याकडून राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग, आगीपासून बचावाचा, तोंडपाठ करून घेतला असेल. तो चांगला आहे, मी त्याच्या विरोधात नाही. बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला चावीशिवाय उघडता आलं पाहिजे, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. पण त्याच संहितेने तुरुंग आणि मनोरुग्णालयं एका उपगटात बसवली आहेत. दोन्हीकडे माणूस स्वतःच्या मर्जीने बाहेर पडू शकत नाही, हे लिहिणाऱ्यांनी ओळखलं होतं. जिथे कुलूप आहे तिथे बाहेर काढणारे हात हवेत. तुझ्या अहवालात सिलिंडर मोजलेत, ते हात मोजलेले नाहीत.

एरवाडी तुला माहीत असेल, निदान नाव तरी. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, पहाटे. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेलं होतं, आग लागली आणि अठ्ठावीस जण गेले. "पळून जातात" म्हणूनच साखळ्या होत्या. तुझ्या बाई साखळी घालत नाहीत, कुलूप घालतात, आणि दोन्हींत फरक आहे हे मलाही कळतं. धुराला तो कळत नाही. भंडाऱ्याचं नवजात बालकांचं युनिट पेटलं ते ९ जानेवारी २०२१ ला, मध्यरात्रीनंतर. दहा तान्ही बाळं गेली. आणि आपल्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, १८ मे २०२५, तोही पहाटेच. आठ जीव. मी तेव्हा अग्निशमन दलातून निवृत्त झालो होतो, घरून धूर बघत होतो. आग दिवसाही लागते, पण दिवसा कुणीतरी जागं असतं. म्हणून पुन्हा विचारतो, रात्री दोनला कोण?

आता माझं सांगतो. हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही.

नोकरीचं नववं वर्ष असेल. असंच एक घर होतं, लहान, बावीस मुलं. मी दुपारी गेलो, सगळं पाहिलं, कागद पुरे होते, एक खिडकीची जाळी पक्की बसवलेली होती ती "लवकर बदलावी" असं शेऱ्यात लिहिलं आणि अनुकूल अहवाल दिला. शेऱ्यात लिहिलं म्हणजे आपलं काम झालं, अशी माझी समजूत होती. एप्रिलमध्ये कूलरची जोडवायर तापून गादीला लागली. आपल्याकडचा एप्रिल तुला माहीत आहे, रात्री अकरापर्यंत भिंती गरम. काळजीवाहक मावशी गच्चीवर झोपायला गेली होती आणि जाताना खालच्या दाराला बाहेरून कडी घातली होती, मुलं उठून जाऊ नयेत म्हणून. आग मोठी नव्हती. एक गादी आणि एक पडदा, आमच्या पोरांनी दहा मिनिटांत विझवलं. पण फोमची गादी जळते तेव्हा जो काळा धूर निघतो त्याला ज्वाळा लागत नाहीत. एकवीस मुलं शेजाऱ्यांनी दार फोडून बाहेर आणली. बावीसावा खाटेखाली होता. आवाजाला घाबरला की तो नेहमी खाटेखाली जायचा. सगळ्या घराला माहीत होतं, मला सोडून. मी कधी विचारलंच नव्हतं. त्याला मीच ओढून काढलं. आठ दिवस दवाखान्यात होता.

चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. कागद बरोबर होते ना.

त्यानंतर मी बदललो, आणि लोक म्हणतात जास्तच बदललो. पुढे एका संस्थेला मी तीनदा नकार दिला. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं, जिना एकच, तोही लाकडी. त्यांच्याकडे पैसा नव्हता. ती संस्था शेवटी बंद पडली. माणसं आपापल्या गावी गेली, काहींना घेऊन जायला कुणी आलंच नाही, काहींना आलेल्यांनी नेलं ते गोठ्याशेजारी ठेवायला. मला तोंडावर बोलणारे भेटले: "साहेब, आगीने मेली नसती, तुमच्या सहीने मेली." मी त्यावर अजून विचार करतो. आणि अजूनही म्हणतो, त्या जिन्याला मी सही दिली नसती. आजही देणार नाही. मला अहंकारी म्हणायचं तर म्हण. लाकडी जिना जळाला असता तर त्या चौदा माणसांना उचलायला कोण होतं, याचं उत्तर मला बोलणाऱ्यांपैकी एकानेही दिलं नाही.

पण एक चूक मी कबूल करतो. मी नकार लिहून परत यायचो, एक रात्र त्यांच्यात जाऊन बसलो नाही. बसलो असतो तर जिन्याखालची खोली रिकामी करून आठ जण तरी खाली आणता आले असते, हे मला बंद पडल्यावर दोन वर्षांनी सुचलं. ती चूक तू करू नकोस. सही कर किंवा करू नको, हा प्रश्नच तू उलटा धरला आहेस. आधी रात्री जा. कायदा तपासणीला सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ धरतो खरा, पण जिवाच्या सुरक्षेसाठी गरज पडली तर इतर वेळी जाण्याची मुभाही देतो. कलम दाखवायची वेळ येणार नाही. बाईंना सांग, त्या स्वतः दार उघडतील.

जाशील तेव्हा एक कोरा कागद ने आणि सदतीस नावं लिही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी: कुठे झोपतो, स्वतः चालतो का, घाबरल्यावर काय करतो. कुणी कान झाकून कोपऱ्यात बसतं, कुणी कपाटात शिरतं, कुणी हात धरला की चावतं, कुणी फक्त एकाच मावशीचं ऐकतं आणि त्या मावशीची मंगळवारी सुट्टी असते. हे कुठल्या फॉर्मात नाही. संचालिकांपेक्षा मावशींना जास्त माहीत असतं, त्यांना विचार. आणि चौथ्या रकान्यात लिही, याला कोण उचलणार. तो रकाना रिकामा राहील. राहू दे. रिकाम्या रकान्यासकट तो कागद बाईंच्या हातात दे, तुझ्यापेक्षा तो कागद त्यांना जास्त समजावेल.

व्हीलचेअरवरच्या सहांपैकी दोघं वर झोपतात म्हणालीस. का? खालच्या मोठ्या खोलीत ऑफिस आहे म्हणून. मग ऑफिस वर ने! कारकुनाला पाय आहेत. याला एक रुपया लागत नाही आणि तरी अशा घरांत वर्षानुवर्षं कुणी हे करत नाही, याचा मला आता खरोखर संताप येतो.

कुलपाचं बघ. मुलं रस्त्यावर जाऊ नयेत ही भीती खरी आहे, पण ती फाटकापाशी अडवायची असते, दारापाशी नाही. मागे अंगण आहे म्हणालीस. त्याला कुंपण घाल, इमारतीपासून लांबच्या टोकाला फाटक, कुलूप तिथे. दाराला फक्त आतून उघडणारी कडी आणि वर एक घंटा, म्हणजे दार हललं की मावशीला कळेल. आग लागली तर मुलं धुरातून अंगणात येतील, तिथे थांबतील, फाटकाची चावी सापडायला पाच मिनिटं लागली तरी कुणी गुदमरणार नाही. आणि रोजची संध्याकाळची प्रार्थना त्याच अंगणात घ्यायला सांग, जाताना मागच्याच दाराने. ही मुलं सूचना ऐकून शिकत नाहीत, सवयीने शिकतात. वर्षातून एकदा पाहुण्यांसमोर केलेल्या ड्रिलने काही होत नाही. रोज ज्या दाराने गेले त्याच दाराने ती घाबरलेली असतानाही जातील. त्या दोघा मूकबधिरांच्या खोलीत भोंग्याबरोबर उघडझाप करणारा दिवा लागतो हेही बाईंना सांग, त्यांना भोंगा वाजला काय, न वाजला काय.

मावशींना उचलायला शिकवू नकोस, ओढायला शिकव. साठ किलोचा मुलगा कुठलीच मावशी उचलू शकत नाही, पण आपली जाड सोलापुरी चादर अंगाखाली सरकवली, डोक्याकडची दोन टोकं मुठीत घट्ट धरली आणि वाकून मागे चालत गेलं की गुळगुळीत फरशीवर एकटी बाईसुद्धा त्याला बाहेर नेऊ शकते. चादर प्रत्येक खाटेवर आहेच. आधी धूर असलेल्या खोलीतून शेजारच्या खोलीत, मधलं दार ओढून घ्यायचं, मग पुढचा विचार. एका दमात सगळ्यांना अंगणात नेता येत नाही. ते दार पूर्ण लागतं का, तेही बघ. अशा घरांत दारांच्या फटीत पायपुसणं कोंबलेलं असतं.

अहवालात "अटींची पूर्तता करावी" असं लिहू नकोस. ते वाक्य मी आयुष्यभर लिहिलं. तारीख लिही: ऑफिस वर, आठ दिवस. कडी आणि घंटा, तीन दिवस. कुंपण, दोन महिने, आणि तोवर रात्रीची तिसरी मावशी. मग स्वतः जाऊन बघ, परत रात्रीच. झालं तर सही कर, निर्धास्त. नाही झालं तर साहेब काय म्हणतील, बाई रडतील का, याचा विचार करू नकोस. मी केला होता.

गुरुवारी जाणार असशील तर मी येतो. रात्री साडेनऊला सात रस्ता चौकात थांब, तिथून एकत्र जाऊ. बाईंना आधी कळव, मुलं झोपलेली असतील तर दिवे लावायचे नाहीत. वरच्या मजल्यावर मी एका रिकाम्या खाटेवर झोपतो. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो आहे. त्या पन्नाशीच्या मावशींना चादर धरू दे आणि मला जिन्यापर्यंत ओढू दे, तू घड्याळ लाव.