अ‍ॅस्परॅगसचे कोंब कधी कापावेत?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या एप्रिलमध्ये परसात अ‍ॅस्परॅगसचे गड्डे लावले. यंदा चांगले जाड कोंब आलेत. सासूबाई म्हणतात, कापून भाजी कर. कापू का?

उत्तर : ताई, भाजीपुरते जरूर कापा, पण आठ-दहा दिवसांत थांबा. हे पीक एकाच जागी पंधरा-वीस वर्षं टिकतं, आणि सुरुवातीला गड्ड्याला बळ मिळालं तरच. पुढच्या वर्षी चार आठवडे, त्यानंतर सहा ते आठ आठवडे काढणी करा.

कोंब सहा ते आठ इंच झाला आणि टोक घट्ट मिटलेलं असलं की मातीलगत कापा. उन्हाळी दिवसांत सकाळ-संध्याकाळ बघाच. दुपारभरात टोकं उलगडतात आणि देठ निबर होतो. पेन्सिलीहून बारीक कोंब येऊ लागले की काढणी बंद. मग उंच, पिसांसारखा पाला वाढू द्या. तो अन्न करून गड्ड्यात साठवतो. कितीही पसरला तरी हिरवा असेपर्यंत छाटू नका! शरदात पिवळा पडून वाळला की कापा.

माझ्या वाफ्यात तुमच्याच राज्यातल्या रट्गर्स विद्यापीठाचा ‘जर्सी नाइट’ हा वाण आहे. यात जवळपास सगळी नर झाडं, म्हणून बी धरण्यात ताकद जात नाही. भाजीला मोहरीची फोडणी, वर ओलं खोबरं. पाच मिनिटांपेक्षा जास्त शिजवू नका.