हीट पंपची मोटार आणि बाबांचा ‘कंडेन्सर’

तुम्ही विचारलंय: अमेरिकेतल्या घरात हीट पंपच्या, म्हणजे उन्हाळ्यात घर थंड आणि हिवाळ्यात गरम करणाऱ्या यंत्राच्या, बाहेरच्या युनिटचा पंखा बंद पडला तर मोटार स्वतः बदलता येते का? येते. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे: ‘बाबा गावाकडून सांगतात कंडेन्सर बदल, पण त्यांना इथलं काय कळणार.’

माझ्या वडिलांचं इचलकरंजीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. मी नॉर्थ कॅरोलायनात. दोन वर्षांपूर्वी जुलैत आमचा पंखा नुसता गुणगुणायचा, मग कसाबसा फिरायला लागायचा. व्हिडिओ कॉलवर बाबांना ऐकवलं. म्हणाले, “कंडेन्सर गेलाय. दहा मिनिटांचं काम.” इथे कंडेन्सर म्हटलं की बाहेरचं अख्खं युनिट, हजारो डॉलरचा मामला. मी हसलो. वर गॅस, कॉइल असं सगळं त्यांना समजावूनही दिलं. ते “बरं” म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

आपल्याकडे पंख्याच्या कपॅसिटरलाच, म्हणजे मोटार फिरायला मदत करणाऱ्या विजेच्या छोट्या डब्यालाच, कंडेन्सर म्हणतात. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या दुकानात काढूनही मला ते आठवलं नाही. तीन आठवड्यांनी जळक्या वार्निशचा वास आला, तो मात्र लगेच ओळखला. बारा डॉलरचा डबा बदलला नाही म्हणून मोटारीतलं वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, जळलं. टेक्निशियननं मोटार बदलायचे साडेसहाशे डॉलर सांगितले. मग हट्टाला पेटून स्वतःच केलं.

मोटार चार नटांवर असते, ती सुटते. सुटत नाही ते पातं. शाफ्टवर गंजून असं बसलं होतं की रात्रभर तेल मुरवलं, शाफ्ट पॉलिश पेपरनं घासला, तरी शेवटी पुलर, म्हणजे पातं ओढून काढायचं अवजार, लावावा लागला. हातोडी मारू नका, पातं वाकलं की युनिट जन्मभर थरथरतं. आणि काढायच्या आधी पातं शाफ्टवर किती खाली बसलंय ते मोजून ठेवा. मी मोजलं नव्हतं, सगळं परत उघडलं.

नवी मोटार घेताना हॉर्सपॉवर, व्होल्ट, आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि फिरण्याची दिशा जुन्या लेबलाप्रमाणेच. माझी पाव हॉर्सपॉवर, १०७५ आरपीएमची होती. ८२५ च्या जागी ती चालत नाही. कपॅसिटर मात्र नव्या मोटारीच्या लेबलावर लिहिलाय तोच, आणि नवाच. जुन्यावर नवी मोटार चालवणारे टेक्निशियनही मी पाहिलेत, त्यांना दुकानात बाबांनी उभं केलं नसतं.

हो, वीज तोडल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून असतो, आधी डिस्चार्ज करा. इन्व्हर्टरवाल्या, म्हणजे वेग आपोआप कमीजास्त करणाऱ्या युनिटला यातलं बरंचसं लागू नाही. वॉरंटी असेल तर हात लावू नका. आणि हिवाळ्यात डीफ्रॉस्ट (बाहेरच्या युनिटवरचा बर्फ वितळवणं) चालू असताना पंखा काही मिनिटं मुद्दामच थांबतो, वाफा निघतात. तुमचं तेवढंच असेल तर काहीच बिघडलेलं नाही.

मोटार एवढ्यात मागवू नका. युनिट गुणगुणत असताना जाळीतून बारीक लाकडी काडीनं पात्याला ढकला. फिरायला लागलं तर बहुतेक कपॅसिटरच. मग वीज बंद करून झाकण काढा, बाबांना फोन लावा आणि कॅमेरा त्या डब्यावर धरा. वरून फुगला असेल तर ते काय म्हणतील हे मी आत्ताच सांगतो. या वेळी तुम्ही हसू नका.