मैदानावरचे प्रश्न : 'रद्द' लिहिलेला सामना

प्रश्न : सर, मी बी.एस्सी. कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव दिग्रस तालुक्यात. अमेरिकेतल्या एका शेतकी कॉलेजचं शंभरेक वर्षांपूर्वीचं वार्षिक मोबाईलवर चाळत होतो. त्यात बर्फावरच्या हॉकी संघाचा फोटो आहे, मागं गोठलेलं तळं. पूर्ण हंगामाची यादी जेमतेम नऊ सामन्यांची आणि त्यातल्या तीन सामन्यांपुढे निकालच नाही, नुसतं 'रद्द'. रूमवर यावरून वाद झाला. मित्र म्हणतो, हरायच्या भीतीनं सोडले असतील. शेतकीच्या पोट्ट्यांनी असे सामने काहून सोडले असतील जी?

उत्तर : सोडले नाहीत रे बाबा. बर्फ वितळला असणार.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्या 'रद्द' शब्दानं मलाही एक जुनी गोष्ट आठवली. ती पुढं सांगतो. आधी तळ्याचं बघू.

१८६२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. केंद्र सरकारनं राज्यांना जमिनी द्यायच्या आणि त्या विकून आलेल्या पैशांतून राज्यांनी शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. त्यातूनच अ‍ॅमहर्स्ट गावचं मॅसॅच्युसेट्स शेतकी कॉलेज उभं राहिलं, स्थापना १८६३ची. इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठालाही याच कायद्याचा आधार मिळाला, ते १८६५चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कॉलेजांजवळ बर्फाचं छप्परबंद मैदान कुठून असणार? अ‍ॅमहर्स्टच्या पोरांना कॉलेजच्या आवारातलं तळं होतं, कॉर्नेलच्या पोरांना बीबी नावाचा तलाव. तो गोठला की खेळ, नाही गोठला की वर्ग.

तू शेतकी शिकतोस म्हणून हे तुला लवकर कळेल. पाणी ४ अंशांवर सगळ्यात जड असतं. म्हणजे वरचं पाणी थंड झालं की खाली बसतं आणि खालचं वर येतं. असं करत अख्खं तळं ४ अंशांवर आलं की मगच वरचा थर गोठायला लागतो. म्हणून हिवाळा पडला की लगेच बर्फ, असं होत नाही. थर किमान १० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या वितीच्या जवळपास निम्मा झाला, तर त्यावर माणसानं पाय ठेवावा. त्यात वरून हिम पडलं, तर ते गोधडीसारखं पसरतं, आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही आणि बर्फ जाड व्हायचा थांबतो. मग पोरांनी स्वतः फावडी घेऊन मैदान मोकळं करायचं. पृष्ठभाग उखडला असेल तर रात्री वरून पाणी सोडायचं, म्हणजे सकाळी तो काचेसारखा होतो. बर्फ सपाट करणारं यंत्र यायला १९४९ उजाडलं. तोवर सगळं हातानं.

एवढं करून सामन्याच्या आदल्या दिवशी ऊन पडलं, की संपलं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा आपण शेकोटीपासून हललो नव्हतो. तेवढ्या थंडीत तिथल्या तळ्यावरचा बर्फ वितळायला लागतो! वरती पाण्याचा पातळ थर येतो, मग चिखलासारखा लगदा होतो आणि या खेळात चेंडूऐवजी असते ती रबराची चकती त्यात रुतते. शाळेत मी पोरांना हे कॅरमवर दाखवायचो. पावडर टाकलेल्या बोर्डावर स्ट्रायकर नुसत्या बोटाच्या धक्क्यानं पलीकडे जातो. मग त्याच बोर्डावर मी ओल्या बोटानं एक पट्टा ओढायचो आणि म्हणायचो, आता मार. स्ट्रायकर पट्ट्यावर येऊन जागीच थबकायचा. "बस, असा झाला त्यांचा सामना रद्द," एवढंच सांगायचो, आणि मागच्या बाकावरच्या पोरांनाही कळायचं.

म्हणजे हंगाम जानेवारी ते फेब्रुवारी, फार तर सात-आठ आठवडे, आणि त्यातही मधेच ऊब येऊन आठवडा वाया. मृगात पेरणी साधली आणि मग पावसानं तीन आठवडे दडी मारली, की आपल्या कोरडवाहू माणसाचं वेळापत्रक कसं होतं ते तुझ्या घरी तू पाहिलंच असशील. नऊतले सहा सामने झाले, तर तो हंगाम चांगला गेला असंच मी म्हणेन.

ज्यांना जमलं ते बर्फ असेल तिथं गेले. न्यूयॉर्कला १८९६ साली सेंट निकोलस रिंक, म्हणजे बर्फाचं बांधीव मैदान, उघडली होती. तिथं जमिनीखालच्या नळ्यांतून गार केलेलं मिठाचं पाणी फिरवून छपराखाली बर्फ धरायचे. प्रिन्स्टनसारख्या नावाजलेल्या कॉलेजालाही स्वतःची रिंक १९२३ पर्यंत नव्हती, ते सामन्यांसाठी आगगाडीनं तिकडं जायचे. कॉर्नेलचा १९१०-११चा संघ तर दहापैकी दहा सामने जिंकून आंतरमहाविद्यालयीन विजेता ठरला, आणि घरच्या तलावाचा भरवसा नसताना ठरला. पुढं १९४८ला त्याच तलावाच्या लहरीपायी कॉर्नेलची हॉकी बंद पडली आणि १९५७ला छप्परबंद रिंक झाल्यावरच परत सुरू झाली. नऊ वर्षं, फक्त बर्फापायी! मला याचं फार वाईट वाटतं. त्या नऊ वर्षांत तिथं शिकून गेलेल्या पोरांना कॉलेजच्या नावानं हा खेळ खेळायलाच मिळाला नाही.

आता माझी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत मी ३१ वर्षं खेळ शिकवला. एका साली आमच्या मुलींचा खो-खोचा संघ फार चांगला होता. एक मुलगी तर खुंटावर अशी वळायची की पाठलाग करणारी पुढं निघून जायची आणि ही मागं. तालुक्याची स्पर्धा सप्टेंबरात. दोन दिवस झड लागली, काळ्या मातीचं मैदान, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत आणि काढताना चप्पल आतच. संयोजक म्हणाले, वेळ नाही, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठी दुसऱ्या शाळेची निघाली. तेही आम्ही गिळलं असतं. पण कागदावर आमच्या मुलींच्या नावापुढं लिहिलं 'पराभूत'. एक मिनिटही न खेळता! मी हात जोडून म्हणालो, साहेब, 'सामना झाला नाही' एवढं लिहा. नाही लिहिलं. बसमध्ये ती मुलगी मला म्हणाली, "सर, आपुन हारलो कधी?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून तुझ्या हातातलं ते वार्षिक मला मोलाचं वाटतं. तीन सामने झाले नाहीत, तर त्यांनी 'झाले नाहीत' असं छापलं. मित्राला पटत नसेल तर एक कर. रद्द सामन्यांच्या तारखा काढ. त्या एकमेकींना लागून असतील आणि सामने त्यांच्या घरच्या तळ्यावरचे असतील, तर ती उबेची लाट समज. त्याच आठवड्यात शहरातल्या रिंकवर सामना झालेला असेल आणि त्यापुढं निकाल असेल, तर प्रश्नच मिटला.

प्रश्न : सर, मी समुद्रपूर तालुक्यात शिक्षिका आहे. बर्फावरच्या हॉकीत सहा खेळाडू असतात असं मुलांना सांगितलं, पण जुन्या फोटोत सात दिसतात. सातवा कोण?

उत्तर : ताई, तुम्ही सांगितलं ते आजचं. तेव्हा सातच होते. गोलरक्षक, त्याच्यापुढं एकामागं एक उभे दोन बचावपटू, पुढं मधला आणि दोन बाजूंचे आघाडीवीर. सातवा तो 'रोव्हर', म्हणजे ठरलेली जागा नसलेला, हल्ल्यातही आणि बचावातही. पुढच्या गड्याकडं चकती देता येत नव्हती, फक्त बाजूला किंवा मागं. त्यामुळं कुणीतरी ती स्वतः घेऊन पुढं घुसावंच लागे आणि ते काम बहुतेक रोव्हरचं. मनात येईल तेव्हा खेळाडू बदलायची सोय नव्हती. गोलरक्षकाच्या तोंडावर जाळी नाही, आणि पायाला काही जण चक्क क्रिकेटचे पॅड बांधायचे. हे मुलांना जरूर सांगा, त्यांना आवडेल.

रोव्हर म्हटलं की प्रिन्स्टनचा होबी बेकर. आपल्याच गोलामागून वळसा घेऊन वेग धरायचा आणि चकतीकडं न बघता सुसाट निघायचा. शाळेत असताना अंधारात सराव करायचा म्हणतात, नजर खाली जाऊ नये म्हणून. सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवायचा, जिंकला असो की हरला. १९१४च्या जानेवारीत बोस्टनला हार्वर्डनं जादा वेळेत त्याच्या संघाला २-१ असं हरवलं. त्याच वर्षी तो पदवी घेऊन बाहेर पडला. आमचं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळही १९१४चंच, मी तिथं शिकलो, म्हणून हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. पहिल्या महायुद्धात बेकर वैमानिक झाला. युद्ध संपलं, घरी जायचा हुकूम हातात आला आणि २१ डिसेंबर १९१८ला फ्रान्समध्ये विमान कोसळून गेला. वय २६. अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला दरवर्षी त्याच्याच नावाचं पारितोषिक देतात.

प्रश्न : सर, आम्ही दारव्हा तालुक्यातले आठवी-नववीचे पोरं. आमच्याजवळ हॉकीच्या आठ जुन्या काठ्या आहेत. बर्फ नसताना ही सात जणांची हॉकी खेळता येईल का? आणि भारतात बर्फावर कोणी खेळते का?

उत्तर : खेळतात. लडाखमध्ये गोठलेल्या पाण्यावर पोरं-पोरी दोघंही खेळतात, आणि शिमल्याला १९२० पासून उघड्यावरची रिंक आहे. तिथंही ऊन पडलं की खेळ बंद, वरच्या उत्तरासारखंच.

तुमच्यासाठी मला खळं बरं वाटतं. कोबा केलेलं, गुळगुळीत, कोरडं. रबराची चकती कोब्यावर अडखळेल. पण मॉन्ट्रियलला ३ मार्च १८७५ला छपराखालचा पहिला जाहीर सामना झाला, तेव्हा चकती लाकडाचीच होती. चेंडू उडून प्रेक्षकांना लागू नये म्हणून चपटी केलेली. तर गावातल्या सुताराकडून बाभळीची चकती करून घ्या, ३ इंच रुंद, १ इंच जाड, कडा घासून गोल केलेल्या. काठी कमरेच्या वर जायला नको, आणि नडगीला पॅड नसतील तर गोणपाट दुमडून बांधा. आठ काठ्यांत दोन्हीकडं चार-चारच होतील. गोलरक्षक, एक बचाव, एक रोव्हर, एक आघाडी. चकती पुढं द्यायची नाही, हा नियम मात्र सोडू नका, खेळाची मजा त्यातच आहे.

दिवाळीनंतर सोयाबीन निघून खळं मोकळं झालं की मला कळवा. एखाद्या रविवारी सकाळी मी येतो, रेषा मारायला चुना घेऊन येईन. आणि एक वही तयार ठेवा, सामना झाला नाही तर तेही लिहायचं.